जुलैचा गॅस जूनच्या यादीत कसा आला

चिमे, आधी लॅपटॉप जरा बाजूला सरकव आणि नीट जेवून घे. तू लिहिलंयस, "ताई, मी जूनला हातसुद्धा लावला नव्हता गं." मला पटतंय. मी तुझा कोड वाचला. दुसऱ्या ओळीनंतर 'जून' हे नाव तू पुन्हा कुठेच लिहिलेलं नाहीस. तरी तुमच्या फ्लॅटच्या जूनच्या खर्चात गॅस येऊन बसला, चौघींचा हिशोब बिनसला आणि तू थेट निष्कर्ष काढून मोकळी झालीस की प्रोग्रॅमिंग हा आपला प्रांतच नाही. तो निष्कर्ष आधी मागे घे. तुझं डोकं ठिकाणावर आहे. एक गोष्ट तुला कुणी स्पष्टपणे सांगितलेली नाही, एवढंच झालंय. ती मी आज सांगते.

तुझ्या कोडमधल्या तीनच ओळी घेते. नावं देवनागरीत लिहिते. पायथन ३ ला ती चालतात, त्यामुळे तू हे जसंच्या तसं टाइप करून चालवू शकतेस.

जून = ["दूध", "भाजी", "किराणा"]
जुलै = जून
जुलै += ["गॅस"]

आता जून छापून बघ. दूध, भाजी, किराणा, गॅस. चौघेही हजर.

दुसरी ओळ लिहिताना तुझ्या मनात होतं, की जूनची यादी जुलैसाठी उतरवून घ्यावी आणि मग तीत भर घालावी. पायथनला त्या ओळीतून कळलं ते असं: जिला जून म्हणतात, तिलाच आता जुलै असंही म्हणायचं. यादी एकच राहिली, तिचं नाव तेवढं एक वाढलं. तिसऱ्या ओळीत तू जुलै म्हणून हाक मारलीस आणि त्या एकुलत्या एका यादीत गॅस घातलास. मग जून म्हणून हाक मारल्यावर तीच यादी गॅससकट पुढे येणार, दुसरी कोण येईल?

आपल्या माईचंच बघ ना. आपण तिला माई म्हणतो, बाबा आई म्हणतात, काकू सासूबाई म्हणते आणि गल्लीत ती सगळ्यांची अक्का. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माईला स्पष्ट दिसायला लागलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माणूस एक आहे हे आपल्याला ठाऊक होतं. पायथनमध्ये 'बरोबर'चं चिन्ह दिसलं की मनात हेच म्हणायचं: उजवीकडे जी वस्तू आहे, तिला डावीकडचं नाव दिलं. म्हणजे ओळ उजवीकडून वाचायची. आधी वस्तू, मग नाव. आणि ही खूणगाठ मनाशी बांधून ठेव, की ते चिन्ह कधीही, कुठल्याही परिस्थितीत, नक्कल काढत नाही.

तुझी गफलत कुठून आली तेही मला दिसतंय. पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षी सी शिकलीस. सीमध्ये व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली ठरलेली जागा. एका पूर्णांकातून दुसऱ्यात किंमत घातली की ती त्या दुसऱ्या जागेत नव्याने लिहिली जाते, आणि पुढे दोघांचे संसार वेगळे. तीच समजूत घेऊन तू पायथनकडे आलीस आणि वर्गात कुणी थांबवून सांगितलं नाही की इथला कारभार निराळा आहे. तुला पॉइंटरचं प्रकरण आठवत असेल, त्या चांदण्या लावून लावून तू वैतागली होतीस. पायथनमध्ये प्रत्येक नावाच्या मागे तेच चाललेलं असतं, फक्त चांदणी डोळ्यांना दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच माणूस फसतो. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये नेहमीच्या प्रश्नांचं एक पान आहे. त्यात तुझाच प्रश्न आहे: एक लिस्ट बदलली तर दुसरी का बदलली? जगभरातून इतक्या जणांनी हे विचारलंय की त्यांना ते उत्तर कायमचं लिहून ठेवावं लागलं. तेव्हा एकटी पडल्यासारखं वाटून घेऊ नकोस.

या एका गोष्टीची तीन-चार रूपं आहेत. ती वेगवेगळी चूक म्हणून पाठ करू नकोस, मूळ ओळख.

तुझ्या पुढच्याच फाइलमध्ये हे आहे:

जून = जुलै = ऑगस्ट = []

दिसायला किती सुटसुटीत! पण चौकोनी कंस एकदाच उघडलाय आणि एकदाच मिटलाय, म्हणजे रिकामी यादीही एकच जन्माला आली, आणि तिला तीन नावं मिळाली. तीन महिन्यांच्या तीन याद्या हव्या असतील तर कंस तीनदा लिहावे लागतील, त्याला इलाज नाही. हेच दुसऱ्या वेशात असं येतं, की एका रिकाम्या यादीला बाहेरच्या यादीत घालून त्या बाहेरच्या यादीला ३ ने गुणायचं. बाहेरून तीन कप्पे दिसतात, आत मात्र एकच यादी तीनदा. डिक्शनरी बनवताना 'फ्रॉमकीज' वापरून सगळ्या कीजना एक रिकामी यादी दिलीस तरी तेच. चौघींच्या नावाने चार नोंदी दिसतील, पण एकीने दूध आणलं की चौघींच्या नावावर चढेल. अशा ठिकाणी लिस्ट किंवा डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन वापरायचं, कारण त्यात कंस प्रत्येक फेरीला नव्याने उघडतो.

आता तू म्हणशील, मग ताई, संख्यांच्या बाबतीत असं कधी झालं नाही ते? एकूण खर्च एका नावात ठेवला, दुसऱ्या नावाला दिला, दुसऱ्यात भर घातली, पहिला जिथल्या तिथे राहिला. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण इथेच चुकीचा नियम मनाशी धरतात. त्यांना वाटतं, संख्या आणि स्ट्रिंग यांची नक्कल होते आणि लिस्ट-डिक्शनरीची होत नाही. तसं नाही. नियम सगळ्यांना एकच. संख्येलाही दोन नावं मिळतात आणि दोन्ही नावांमागे वस्तू एकच असते. फरक एवढाच की संख्या, स्ट्रिंग, टपल या वस्तू एकदा तयार झाल्या की बदलता येत नाहीत. ५०० या वस्तूला कुणी ६०० करू शकत नाही. तू १०० मिळवतेस तेव्हा ६०० ही निराळी वस्तू तयार होते आणि तुझं नाव उठून तिकडे जातं. पहिलं नाव ५०० पाशीच राहतं. भागीदारी तिथेही होती, पण वस्तू बदलणारीच नव्हती, त्यामुळे तिचा त्रास कधी जाणवला नाही. लिस्ट, डिक्शनरी आणि सेट या बदलता येणाऱ्या वस्तू. भागीदारी दिसते ती तिथे.

आणि म्हणूनच तुझी तिसरी ओळ मला नीट दाखवायचीय. ती तू अशीही लिहू शकली असतीस:

जुलै = जुलै + ["गॅस"]

गणिताच्या वहीत या दोन ओळींचा अर्थ एकच. पायथनमध्ये दोन टोकं आहेत. या दुसऱ्या ओळीत उजवीकडची बेरीज एक कोरी करकरीत यादी तयार करते आणि जुलै हे नाव तिकडे जातं; जून सुखरूप राहतो. तू लिहिलेली '+=' वाली ओळ मात्र लिस्टच्या बाबतीत असलेल्या यादीतच भर घालते. तेच '+=' संख्येवर लावलंस तर नवीन वस्तू मिळते, कारण संख्येला जागच्या जागी बदलणं माहीतच नाही. चिन्ह तेच, पण काय घडेल हे वस्तूच्या जातीवर ठरतं. मी हे दोन्ही प्रकार तुला मुद्दाम एकापाठोपाठ चालवायला सांगणार आहे. वाचून कळतं, पण दोन्हींनंतर जून छापून बघितल्याशिवाय ते हातात बसत नाही.

टपलवर आंधळा विश्वास ठेवू नकोस, हेही जाता जाता सांगते. टपल बदलत नाही म्हणजे त्याच्या आत कोण कोण बसलंय ते बदलत नाही. आत बसलेली यादी स्वतः बदलू शकते. टपलमधल्या यादीवर इंडेक्स देऊन '+=' कर; पायथन टाइपएरर देईल आणि तरीही यादीत भर पडलेली असेल. दोन्ही एकदम! का, ते तू स्वतः शोध. वर जे सांगितलंय त्यातूनच उत्तर निघतं.

तू चिडून विचारलंयस, "असं विचित्र कशाला ठेवलं या लोकांनी?" विचित्र नाही गं. तुमच्या चौघींच्या खर्चाची यादी वीस नोंदींची आहे म्हणून नक्कल स्वस्त वाटते. आता कल्पना कर की वीस लाख नोंदी आहेत आणि त्या पाच फंक्शनांमधून पुढे जायच्या आहेत. प्रत्येक वेळी नक्कल काढायची ठरवली तर मशीनचा निम्मा वेळ उतरवण्यातच जाईल आणि मेमरी भरून जाईल ती वेगळीच. दुसरं असं, की कित्येकदा आपल्याला वस्तू एकच हवी असते. डेटाबेसचं कनेक्शन, प्रोग्रॅमची सेटिंग्ज, एकदा काढलेली उत्तरं साठवून ठेवणारा कॅश, या गोष्टी दहा ठिकाणांहून वापरायच्या आणि एका ठिकाणी झालेला बदल दहाही ठिकाणी दिसायला हवा. तिथे प्रत्येकाला आपली आपली नक्कल मिळाली तर अनर्थ होईल. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथन लिहायला घेतली, तेव्हा ही कल्पना काही नवी नव्हती. एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात सीएलयू नावाची भाषा घडवली होती. फंक्शनला वस्तूची नक्कल न देता, मूळ जागेचा ताबाही न देता, तीच वस्तू वाटून घ्यायची, या पद्धतीला त्यांनी 'कॉल बाय शेअरिंग' असं नाव दिलं. लिस्कोव्हना २००८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पायथनमधलं फंक्शन आजही याच रीतीने चालतं. त्यांच्याविषयी सवडीने वाच, तुला आवडेल.

फंक्शनचं नाव निघालंच आहे, तर तुझं आणि तुझ्या प्रोजेक्ट पार्टनरचं परवा जे वाजलं त्यावर बोलू. त्याने बेरजेचं फंक्शन लिहिलं. तू तुझी खर्चाची यादी त्याला दिलीस. आत तो 'पॉप' करत एकेक रक्कम उचलत गेला आणि मिळवत गेला. बेरीज पैशापैशाने बरोबर आली, आणि तुझी यादी रिकामी झाली. तो म्हणतो माझं उत्तर बरोबर आहे. तू म्हणतेस माझा डेटा गेला. दोघंही खरं बोलताय, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. फंक्शनच्या कंसात तू यादी देतेस तेव्हाही तेच घडतं जे 'जुलै = जून' मध्ये घडलं: त्याच्या आतल्या नावाने तुझ्याच यादीला आणखी एक हाक मिळते. आत त्याने त्या नावाला दुसरी वस्तू दिली असती तर तुला बाहेर काहीच कळलं नसतं. पण त्याने वस्तूलाच हात घातला.

तुम्ही दोघांनी यावर काही ठरवलेलंच नव्हतं, खरी अडचण ती आहे. आणि ठरवायचं कसं, हे पायथन स्वतः दाखवतं. लिस्टची 'सॉर्ट' ही मेथड यादीला जागच्या जागी क्रमाने लावते आणि हातात नन देते. 'सॉर्टेड' हे फंक्शन मूळ यादीला धक्का लावत नाही, क्रमाने लावलेली नवी यादी परत देतं. 'रिव्हर्स' आणि 'रिव्हर्स्ड' यांतही पहिलं यादीलाच उलटवतं, दुसरं तिला हात लावत नाही. जे बदलतं ते मुद्दाम काहीच परत देत नाही, म्हणजे वापरणाऱ्याला चुकूनही वाटू नये की आपल्याला नवी यादी मिळाली. मला ही शिस्त फार आवडते. आमच्याकडे नवीन मुलं-मुली रुजू होतात तेव्हा त्यांच्या कोडमध्ये मी पहिल्यांदा हेच बघते, की फंक्शन बदल करतंय की उत्तर देतंय. एका वेळी एकच काम करावं. दोन्ही करणारं फंक्शन वापरताना पुढचा माणूस हमखास फसतो. तुझ्या पार्टनरला भांडणाच्या सुरात नको, या सॉर्ट-सॉर्टेडच्या उदाहरणाने समजाव. मुलगा समजूतदार वाटतो.

फंक्शनमधली आणखी एक जागा डोळ्यांत तेल घालून बघायची. तू नोंद घेणारं फंक्शन लिहिलंयस, त्यात कंसात 'यादी=[]' असं आहे. तुझा हेतू चांगला: कुणी यादी दिली नाही तर रिकामीपासून सुरुवात व्हावी. पण ती रिकामी यादी फंक्शनची व्याख्या वाचली जाताना एकदाच तयार होते आणि फंक्शनपाशीच राहते. पहिल्यांदा हाक मारलीस, तीत दूध पडलं. दुसऱ्यांदा मारलीस तेव्हा तीच यादी दुधासकट समोर येते. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे घडलं तर एका माणसाच्या नोंदी दुसऱ्याच्या पानावर दिसू शकतात, इतकं ते गंभीर आहे. उपाय सोपा आहे आणि सगळे तोच वापरतात: कंसात नन ठेवायचं आणि फंक्शनच्या आत 'नन असेल तर नवी यादी' असं लिहायचं. पुढे कधी डेटाक्लास वापरशील तेव्हा बघ, तिथे डीफॉल्ट म्हणून थेट लिस्ट दिलीस तर पायथन व्हॅल्यूएरर देऊन अडवतं आणि 'डीफॉल्ट फॅक्टरी' वापरायला सांगतं. फंक्शनच्या बाबतीत असं कुणी अडवत नाही. तिथे आपणच जागं राहायचं.

मग खरीखुरी नक्कल हवी असेल तर? तुझ्या मूळ कोडसाठी एवढं पुरे:

जुलै = जून[:]

चौकोनी कंसात नुसतं विसर्गासारखं चिन्ह. अर्थ, सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा तुकडा, आणि लिस्टचा तुकडा म्हणजे नवी लिस्ट. 'जून.कॉपी()' या मेथडनेही हेच होतं आणि वाचणाऱ्याला हेतू पटकन कळतो, म्हणून मी स्वतः तीच वापरते. तुझा गॅसचा प्रश्न इथे सुटला. पण थांब, लगेच उठू नकोस. हे नीट बघ:

सोमवार = ["पोळी"]
मंगळवार = ["भात"]
आठवडा = [सोमवार, मंगळवार]
नवा = आठवडा[:]
सोमवार += ["दही"]

'नवा' छापून बघ. त्यातही दही आलंय. नक्कल काढूनसुद्धा! कारण नक्कल झाली ती फक्त बाहेरच्या यादीची. आत सोमवारची यादी जी होती तीच राहिली, आता ती दोन्ही आठवड्यांमध्ये आहे. यादीच्या आतला प्रत्येक कप्पासुद्धा नावासारखाच वस्तूकडे बोट दाखवत असतो. अशी वरवरची नक्कल पुष्कळदा पुरते: आत फक्त संख्या आणि स्ट्रिंग असतील तर काळजीचं कारण नाही, कारण त्या बदलणाऱ्या नाहीतच. आत याद्या किंवा डिक्शनरी असतील आणि त्या तुला बदलायच्या असतील, तेव्हा 'कॉपी' मॉड्यूलमधलं 'डीपकॉपी' लागतं. ते आतपर्यंत उतरत जातं, प्रत्येक बदलत्या वस्तूची वेगळी नक्कल काढतं, आणि कोणाची काढून झालीय याची आठवणही ठेवतं, त्यामुळे यादीच्या आत तीच यादी असली तरी गोल गोल फिरत बसत नाही.

दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणारे मी खूप बघितलेत. एकदा असा फटका बसला की ते जिथे तिथे डीपकॉपी घालतात. तसं करू नकोस. एक तर ती खर्चिक. दुसरं म्हणजे काही वस्तूंची ती होतच नाही. उघडलेल्या फाइलची डीपकॉपी करायला गेलीस तर टाइपएरर मिळेल. आणि तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: जिथे तिथे घातलेली डीपकॉपी म्हणजे ही वस्तू कुणाकुणाच्या हातात आहे याचा लिहिणाऱ्याने विचारच केला नाही. तो विचार टाळून चालत नाही. वस्तू तयार झाली कुठे, बदलायचा अधिकार कोणाचा, बाकीचे नुसते वाचणारे आहेत का, एवढं ठरलं की नक्कल हवी की नको हे आपोआप कळतं.

दोन नावांमागे वस्तू एकच आहे का, हे पायथनलाच विचारता येतं. '==' विचारतं की आतला मजकूर सारखा आहे का. 'इज' विचारतं की वस्तू तीच आहे का. 'आयडी' हे फंक्शन वस्तूचा ओळख क्रमांक देतं. आपण वापरतो त्या सीपायथनमध्ये तो तिचा मेमरीतला पत्ता असतो. कॅम्पस इंटरव्ह्यूला तुला विचारतील की २५६ आणि २५७ वर 'इज' वेगवेगळं उत्तर का देतं. सीपायथनच्या कैक आवृत्त्यांत −५ ते २५६ हे पूर्णांक आधीच तयार ठेवलेले असतात, म्हणून. उत्तर दे आणि पुढे हो. रोजच्या कामात संख्या किंवा स्ट्रिंग ताडायला 'इज' कधीच वापरायचं नाही, ३.८ पासून लिटरलसोबत ते लिहिलंस तर पायथन स्वतः वॉर्निंग देतं. ननशी तुलना करायची असेल तेव्हा मात्र 'इज' हेच योग्य. आणि 'डेल' विषयी विचारलं होतंस ना, त्याने वस्तू पुसली जात नाही, फक्त ते एक नाव जातं. वस्तूकडे कुठूनच बोट दाखवलं जात नाही अशी वेळ आली की सीपायथन तिची जागा मोकळी करतं.

पुढच्या सेमिस्टरला तुला नमपाय आणि पांडाज लागणार आहे, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. लिस्टचा तुकडा म्हणजे नवी लिस्ट, हे आत्ता शिकलीस. नमपायच्या अ‍ॅरेला हे लागू नाही. तिथे साधा तुकडा काढलास तर तो त्याच डेटाकडे बघायची निराळी खिडकी असतो, आणि तुकड्यात घातलेली किंमत मूळ अ‍ॅरेत उमटते. तिथे 'कॉपी' स्पष्टपणे मागायची. खरं-खोटंच्या यादीने निवडलेल्या ओळी मात्र नक्कल म्हणून येतात. पांडाजमध्येही याच गोंधळाने लोक वर्षानुवर्षं हैराण होते, ३.० आवृत्तीपासून तिथे लिहिताना नक्कल करायची पद्धत कायमची लागू झाली, त्यामुळे तो त्रास बराच कमी झालाय. पण जुन्या आवृत्तीवर लिहिलेला कोड वाचायला मिळेल तेव्हा सावध राहा.

अडलीस की लगेच कुणाला विचारायला धावू नकोस. कागद घे. डावीकडे नावं लिही, उजवीकडे वस्तू काढ, मधे बाण. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: या ओळीने बाण हलवला की वस्तू बदलली? 'जुलै = काहीतरी' असेल तर बाण हलला. 'जुलै.अपेंड' किंवा लिस्टवरचं '+=' असेल तर वस्तू बदलली. फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर नावाचं साधन आहे, ते तुझ्या कोडचे असेच बाण ओळीओळीने काढून दाखवतं. आधी स्वतः काढ, मग त्याच्याशी ताडून बघ. थोड्याच दिवसांत कागद लागणार नाही.

आणि आज संध्याकाळी पार्टनरला सोबत घेऊन एक चाचणी लिहा. यादी फंक्शनला देण्याआधी तिची डीपकॉपी बाजूला काढून ठेवायची, इथे ती हवीच. मग फंक्शन चालवायचं आणि मूळ यादी त्या नकलेशी '==' ने ताडायची. त्याच्या बेरजेच्या फंक्शनवर ही चाचणी पहिल्याच फेरीत नापास होईल. मग दोघं मिळून ते 'पॉप' काढा, तिथे साधा फॉर लूप घाला आणि पुन्हा चालवा. काय झालं ते मला रात्री फोन करून सांग, मी जागी आहे.